खाकी हंगाम

इंग्लिश फुटबॉलच्या 1914-15 च्या गुणतक्त्यात वरच्या ओळींपेक्षा तळाच्या ओळी अधिक वाचनीय आहेत. अठराव्या क्रमांकावर मँचेस्टर युनायटेड, 30 गुण. एकोणिसावा चेल्सी, 29. विसावा आणि शेवटचा टॉटनहॅम हॉटस्पर, 28. तळाच्या दोघांनी खालच्या विभागात जायचे, असा नियम होता आणि एका विजयाला दोन गुण मिळत. म्हणजे युनायटेडचा एक विजय कमी झाला असता, तर चेल्सी तरला असता आणि युनायटेड बुडाला असता. तो विजय कोणता, हे आता जगजाहीर आहे. त्याचा निकाल मैदानावर उतरण्याआधीच एका पबमध्ये ठरला होता.

पण त्या पबपर्यंत पोचण्याआधी ऑगस्ट 1914 कडे जायला हवे. चार तारखेला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. महिनाअखेर क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी ‘स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्रात पत्र लिहिले, की आता खेळ पुरे, तरुणांनी फौजेत जावे. काउंटी क्रिकेट गुंडाळले गेले. रग्बी युनियनवाल्यांनीही सामने थांबवले. फुटबॉल मात्र सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ठरल्याप्रमाणे सुरू झाला, आणि त्याच्यावर टीकेचा पाऊस पडला.

मैदानाबाहेर भरतीची भित्तिपत्रके लागली, मध्यंतरात भाषणे झाली. मद्याच्या कारखानदाराचा वारस असून दारूबंदीचा प्रचारक झालेले फ्रेडरिक चॅरिंग्टन फुलहॅमच्या मैदानावर फुटबॉलविरोधी भाषण करायला उभे राहिले, तेव्हा त्यांना तिथून हुसकावून बाहेर काढण्यात आले. इतिहासकार ए. एफ. पोलार्ड यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून खेळणाऱ्यांना आणि त्यांना पैसे देणाऱ्यांना झोडपले. फुटबॉल असोसिएशनने आधीच युद्धखात्याला विचारून पाहिले होते. खात्याने बंदी घातली नाही, निर्णय असोसिएशनवरच सोपवला.

टीका करणाऱ्यांच्या तोंडी देशप्रेम होते, पण त्या देशप्रेमाला वर्गाचा वास येत होता. क्रिकेटचे हौशी सभ्य गृहस्थ बॅट ठेवून सहज मोकळे होऊ शकत, कारण त्यांची चूल बॅटवर पेटत नव्हती. फुटबॉलपटू हा गिरणी-खाणीच्या वस्तीतून आलेला पगारदार माणूस. 1901 पासून त्याच्या पगाराला आठवड्याला 4 पौंडांची कमाल मर्यादा होती. जुन्या खेळाडूंसाठी 1910 नंतर ती 5 पौंडांपर्यंत गेली. त्याचा क्लबशी करार असे. त्याने खेळणे म्हणजे देशद्रोह ठरला. मात्र त्याच हंगामात, मार्च 1915 मध्ये, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत रीतसर झाली. घोड्यांच्या मालकांना खंदकात जा म्हणून सांगण्याचा उत्साह फुटबॉलपटूंच्या बाबतीत दिसला तेवढा कधी दिसला नाही.

शेवटी 15 डिसेंबर 1914 रोजी लंडनमधल्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी बटालियन उभी राहिली. लोक तिला फुटबॉल बटालियन म्हणू लागले. पहिल्या दिवशी 35 खेळाडूंनी नावे दिली. सर्वात आधी पुढे आले ते फ्रँक बकली, असे मानतात. भरती झालेल्यांना शनिवारी आपल्या क्लबकडून खेळायला रजा मिळे, त्यामुळे आठवडाभर कवायत आणि शनिवारी सामना असे विलक्षण जीवन सुरू झाले. क्लॅप्टन ओरिएंट या लंडनच्या क्लबमधून खेळाडू आणि कर्मचारी मिळून 40 हून अधिक लोक या बटालियनमध्ये गेले. दुसऱ्या विभागातला हा क्लब, त्याचे नाव फुटबॉलबाहेर कुणाला फारसे ठाऊक नव्हते. त्याचे तीन खेळाडू, विल्यम जोनास, जॉर्ज स्कॉट आणि रिचर्ड मॅकफॅडन, 1916 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने युद्धात मरण पावले.

प्रेक्षक घटत होते, क्लबांचा गल्ला रिकामा होत होता. लीगचा पुढचा हंगाम होणार नाही, हे मार्चपर्यंत बहुतेकांच्या लक्षात आले होते. लीग नाही म्हणजे पगार नाही. अशा वेळी तिशीतल्या खेळाडूच्या मनात काय येत असेल?

2 एप्रिल 1915, गुड फ्रायडे. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. युनायटेडने सामना 2-0 असा जिंकला, पबमध्ये ठरला होता तसाच. दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे, आणि त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. युनायटेडच्या पॅट्रिक ओकॉनेलने पेनल्टी इतक्या बाहेर मारली, की पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. (हाच ओकॉनेल पुढे स्पेनमध्ये प्रशिक्षक झाला आणि 1935 मध्ये त्याने रिअल बेटिसला स्पेनचे विजेतेपद मिळवून दिले.) उत्तरार्धात दोन्ही संघांनी जणू हातपाय गाळून चेंडू टोलवला. एकट्या लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमने एक फटका आडव्या खांबावर मारला, तर त्याच्याच काही सहकाऱ्यांनी त्याला झापले. युनायटेडचा जुनाजाणता बिली मेरेडिथ म्हणायचा, की आपल्याला कुणी चेंडूच देत नव्हते, तेव्हाच शंका आली.

सट्टेबाजांकडे 2-0 या नेमक्या निकालावर एकाला सात असा भाव होता आणि देशभरातून त्याच आकड्यावर पैसे लागले होते. ‘फुटबॉल किंग’ असे टोपणनाव घेतलेल्या एका सट्टेबाजाने माहिती देणाऱ्याला 50 पौंडांचे बक्षीस जाहीर केले, आणि चौकशीची चाके फिरू लागली.

दरम्यान हंगामाचे उरलेले दिवस आपल्या चालीने चालले होते. दुसऱ्याच दिवशी, 3 एप्रिलला, मिडल्सबरोला आणखी एक तमाशा झाला. ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक हा कापूसगिरण्यांच्या गावचा संघ, तेव्हा विजेतेपदाच्या शर्यतीत. मिडल्सबरो 4-1 ने पुढे होता. रेफरीने ओल्डहॅमच्या बिली कुकला मैदानाबाहेर जायला सांगितले, आणि कुकने चक्क नकार दिला. तो हटला नाही, मग रेफरीनेच सामना सोडला. 55 मिनिटांचाच खेळ झाला होता, तरी निकाल तसाच धरला गेला आणि कुकला वर्षभराची बंदी झाली. ओल्डहॅमने शेवटचे दोन घरचे सामनेही गमावले. एव्हर्टन 46 गुणांनी विजेता ठरला, ओल्डहॅम 45 वर राहिला. एका गुणाने हुकलेले ते विजेतेपद ओल्डहॅमला पुढेही कधी मिळाले नाही. एव्हर्टन मात्र पुढचा पूर्ण हंगाम 1919-20 मध्ये होईपर्यंत, कुणालाही न हरवता, विजेता राहिला.

फुटबॉल असोसिएशनच्या कपची फायनल दरवर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये व्हायची. आदल्या वर्षी राजे पाचवे जॉर्ज तिथे आले होते आणि बर्नलीने लिव्हरपूलला 1-0 ने हरवले होते. आता ती जागा नौदलाने घेतली होती. म्हणून 24 एप्रिलला सामना ओल्ड ट्रॅफर्डला हलवला. प्रेक्षकांत गणवेशातले शिपाई इतके होते, की त्याला ‘खाकी कप फायनल’ हे नाव पडले. पावसाळी, धुक्याच्या दिवशी शेफील्ड युनायटेडने चेल्सीला 3-0 ने हरवले. चेल्सीचा हौशी खेळाडू विव्हियन वुडवर्ड लष्करातून रजेवर आला होता, पण संघाला इथवर आणणाऱ्या बॉब थॉमसनची जागा घेणे त्याला बरे वाटले नाही आणि तो खेळलाच नाही. कप देताना लॉर्ड डर्बी यांनी सांगितले, की एकमेकांशी खेळून झाले, आता इंग्लंडसाठी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खेळा. लंडनला न जाता मँचेस्टरच्या चिखलात ते बक्षीस घेणाऱ्या खेळाडूंना हा उपदेश कसा लागला असेल, कोण जाणे.

चौकशीचा निकाल डिसेंबर 1915 मध्ये लागला. युनायटेडचे सँडी टर्नबुल, आर्थर व्हॉली आणि इनॉक वेस्ट, लिव्हरपूलचे जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल आणि टॉमस फेअरफूल, शिवाय चेस्टरचा लॉरेन्स कुक, अशा आठ जणांवर आजन्म बंदी आली. युनायटेडच्या तिघांपैकी त्या दिवशी मैदानावर एकटा वेस्ट होता. टर्नबुल आणि व्हॉली खेळलेच नव्हते. क्लबांना शिक्षा नव्हती, गुणतक्त्याला हातही लागला नाही. खेळाडू वाईट, व्यवस्था निर्दोष, हा न्याय फुटबॉलपुरताच नाही, पण इथे तो फारच उघडा दिसतो.

तक्त्याला हात न लावण्याचा फटका टॉटनहॅमला बसला. 1919 मध्ये पहिला विभाग 20 वरून 22 संघांचा करायचे ठरले. चेल्सीला ठेवले गेले. दुसरी जागा साहजिकच टॉटनहॅमची, असे वाटत असताना मतदान झाले. दुसऱ्या विभागात वरच्या चारांतही नसलेल्या आर्सेनलला 18 मते पडली, टॉटनहॅमला 8. आर्सेनलचे सर्वेसर्वा हेन्री नॉरिस फुलहॅमचे महापौर होते, फुटबॉल बटालियनच्या उभारणीत त्यांचा हात होता, आणि त्यांचा क्लब 1913 पासून टॉटनहॅमच्या उशाशी हायबरीला येऊन बसला होता. लीगचे अध्यक्ष जॉन मॅकेना हे लिव्हरपूल क्लबचे. त्यांनी आर्सेनलच्या जुन्या सेवेचा दाखला देत त्यांची बाजू मांडली. त्या मतदानापासून आजपर्यंत आर्सेनल वरच्या विभागातून खाली आलेला नाही. उत्तर लंडनमधल्या या दोन शेजाऱ्यांच्या वैराला त्या मतदानाने तेल घातले.

बंदी आलेल्यांपैकी बहुतेकांना युद्धातल्या सेवेमुळे 1919 मध्ये माफी मिळाली. 1909 च्या कप फायनलमध्ये युनायटेडचा एकमेव गोल करणारा सँडी टर्नबुल तेव्हा हयात नव्हता. 3 मे 1917 रोजी अरासच्या लढाईत तो मारला गेला, आणि त्याच्यावरची बंदी मरणोत्तर उठली. इनॉक वेस्टने मात्र आपण निर्दोष असल्याचे सांगत बदनामीचा खटला भरला. त्यात पॅग्नमने विरोधात साक्ष दिली आणि वेस्ट हरला. त्याच्यावरची बंदी 1945 मध्ये, दुसरेही महायुद्ध संपल्यावर उठली. त्या वेळी तो 59 वर्षांचा होता.

2 एप्रिलचा निकाल कधीच रद्द झाला नाही. लीगच्या दप्तरात तो आजही तसाच आहे: मँचेस्टर युनायटेड 2, लिव्हरपूल 0.