डोकेदुखी सगळ्यांना सारखीच

ईथरची गोष्ट बहुतेक पुस्तकांत एकाच जागी थांबते. १६ ऑक्टोबर १८४६, बॉस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. विल्यम मॉर्टन नावाचा दंतवैद्य रुग्णाला ईथर हुंगवतो, सर्जन मानेवरची गाठ काढतो, रुग्ण ओरडत नाही. टाळ्या. शुद्धीवर आल्यानंतरचं कोणी फारसं सांगत नाही. ईथरच्या जमान्यात ऑपरेशन झालेल्या चारांपैकी जवळजवळ तिघांना उलट्या व्हायच्या. पोटावर ताजे टाके असताना उलटी म्हणजे काय, ते ज्याला झालीये त्यालाच विचारा. डॉक्टरांनी वाइन देऊन पाहिली, अफू देऊन पाहिली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर चक्क ऑलिव्ह तेल पाजून पाहिलं.

मधली शंभर वर्षं मी पळवतो. कामाची औषधं आली ती बरीचशी दुसऱ्याच वाटेनं. ऑनडॅनसेट्रॉनचंच घ्या. ग्लॅक्सोनं ते आणलं कॅन्सरच्या केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी. अमेरिकेत १९९१ साली परवानगी मिळाली. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन मेंदूत नसतं, आतड्यात असतं. तिथून सुटलेला संदेश मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत पोहोचण्याआधीच हे औषध वाट अडवतं. आपल्याकडे मेडिकलवाला 'एमसेट' म्हणून देतो ती गोळी हीच.

मी यात शिरलो तो आईमुळे. तिच्या पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "काकू, गाडी लागते का तुम्हाला?" आंबेनळी घाटात प्रत्येक वळणावर गाडी थांबवायला लावणाऱ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मला प्रश्न विचित्र वाटला म्हणून रात्री शोधत बसलो.

तो प्रश्न १९९९ सालच्या एका निबंधातून आलाय. जर्मनीचे ख्रिश्चन आप्फेल आणि सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी चाळून चारच गोष्टी शिल्लक ठेवल्या: रुग्ण स्त्री आहे का, सिगारेट ओढत नाही का, गाडी लागते का किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का, आणि नंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामकं लागणार आहेत का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. शून्य गुण असतील तर उलट्या-मळमळीची शक्यता साधारण १० टक्के, मग २०, ४०, ६०, आणि चारही असतील तर ८०. (सिगारेट ओढणाऱ्यांना कमी त्रास होतो, हे खरंय. घरी युक्तिवाद म्हणून वापरू नका.) आईचे गुण चार. तिला ऑपरेशनच्या वेळीच दोन औषधं दिली गेली.

दोन का, तेही आप्फेलनीच २००४ साली दाखवलं. सहा उपाय, प्रत्येक द्यायचा किंवा नाही द्यायचा, म्हणजे एकूण ६४ जोड्या; पाच हजारांवर रुग्ण त्यांत विभागलेले. सहा बिटांचा हा प्रयोग वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल यांपैकी प्रत्येक औषध उरलेली जोखीम साधारण २६ टक्क्यांनी घटवतं, आणि एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाही. ६० टक्के जोखीम एका औषधानं ४४वर येते, दोनांनी ३३वर, तिघांनी २४वर. ज्याची जोखीम मुळात १० टक्केच आहे, त्याच्या पदरात मात्र जेमतेम अडीच टक्के पडतात. म्हणून आधी 'गाडी लागते का' विचारायचं.

पण हे आकडे ज्या शेतात उगवले, त्यातच मोठं तण माजलं होतं.

योशिताका फुजी हे जपानी भूलतज्ज्ञ. ग्रॅनिसेट्रॉन या ऑनडॅनसेट्रॉनच्या भावंडावर त्यांनी १९९० च्या दशकात चाचण्यांचा सपाटा लावला. निकाल सुंदर, नेहमीच. २००० साली पीटर क्रांके, हेच आप्फेल आणि नॉर्बर्ट रोवर यांनी एका नियतकालिकाला पत्र लिहिलं. त्यांनी फुजींचे निबंध शेजारी शेजारी ठेवून डोकेदुखीच्या रकान्याकडे पाहिलं. डोकं दुखणं हा या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम. फुजींच्या निबंधामागून निबंधात मात्र प्रत्येक गटात डोकं दुखणाऱ्यांची संख्या तंतोतंत सारखी. खरं औषध मिळालेले असोत की नुसतं सलाइन. इतकी छान आकडेवारी विश्वास ठेवण्यापलीकडची आहे, असा टोमणा पत्राच्या शीर्षकातच होता.

आम्ही टेस्टिंगसाठी खोटा डेटा बनवतो तेव्हा हेच होतं. घाईत हातानं भरलेल्या शंभर ग्राहकांची वयं बघा, सगळी शहाण्यासारखी ३०-३५ मध्ये. मित्राला मनातल्या मनात वीस वेळा नाणं उडवून छापा-काटा लिहायला सांगा. सलग पाच छापे लिहायची त्याची हिंमत होत नाही. खरं नाणं बिनदिक्कत पाडतं.

पत्र छापून आलं. फुजींनी उत्तर दिलं. आणि पुढची दहाएक वर्षं त्यांचे निबंध येतच राहिले. मला या सगळ्यात हेच सर्वांत संतापजनक वाटतं. बग रिपोर्ट झाला होता, स्क्रीनशॉटसकट, आणि कोणीतरी तो 'नंतर बघू'मध्ये टाकला. मधल्या काळात जगभरचे डॉक्टर इतरांच्या खऱ्या चाचण्यांसोबत हे आकडेही बेरजेत धरत होते.

इंग्लंडच्या टॉर्की गावातले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल याच बेरजा करत होते. त्यांनी २०१२ साली फुजींच्या १६८ चाचण्या घेतल्या आणि निकालांऐवजी सुरुवातीचा कंटाळवाणा तक्ता तपासला: वय, उंची, वजन, रक्तदाब. चिठ्ठ्या टाकून तीस-तीस जणांचे दोन गट केले तर कधी सरासरी वयात अर्ध्या वर्षाचा फरक पडेल, कधी चार वर्षांचा. अनेक चाचण्यांमध्ये हे फरक जसे पसरायला हवेत, तसे फुजींचे पसरत नव्हते. गट फारच सारखे होते. निव्वळ योगायोगानं असं घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

त्याच वर्षी तोहो विद्यापीठानं फुजींना काढलं. जपानी भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २१२ निबंध तपासले. १७२ बनावट. १२६ चाचण्या तर मुळापासून रचलेल्या, टेबलाशी बसून कादंबरी लिहावी तशा. ३ निबंध खरे असल्याची खात्री पटली. उरलेल्या ३७ चं काहीच ठरवता आलं नाही.

ग्रॅनिसेट्रॉन मात्र खोटं नाही. इतरांच्या चाचण्यांतही ते उलट्या थांबवतं, फुजींनी लिहिलं त्यापेक्षा कमी. कार्लाइल यांनी तीच चाळणी मग आणखी मोठ्या ढिगाला लावली: २०१७ साली आठ नियतकालिकांतल्या ५,०८७ चाचण्या. त्यातून ऑलिव्ह तेल आणि हृदयविकारावरचा स्पेनमधला एक गाजलेला निबंध मागे घेऊन, दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला. तिथे लबाडी नव्हती. काही ठिकाणी चिठ्ठ्याच नीट टाकल्या गेल्या नव्हत्या.