मायक्रोमीटर: एक शब्द, दोन उच्चार

'मायक्रोमीटर' हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. आता सांगा, तुम्ही उपकरणाचं नाव घेतलंत की लांबीच्या एककाचं? मराठीत दोन्ही सारखंच ऐकू येतं. इंग्रजीत मात्र उपकरण म्हणजे 'माय-क्रॉ-मि-टर', जोर 'क्रॉ'वर. एकक म्हणजे 'माय-क्रो-मी-टर', जोर 'माय'वर.

यात उपकरण वयाने मोठं. इंग्लंडच्या विल्यम गॅस्कॉइनने १६४० च्या आसपास दुर्बिणीत बसणारं, स्क्रूने सरकणारं मापनसाधन तयार केलं. तेव्हा मीटर हे एककच अस्तित्वात नव्हतं! उपकरणाच्या नावातला 'मीटर' ग्रीक 'मेट्रॉन'वरून आला, म्हणजे नुसतं 'माप'. थर्मॉमिटर, बॅरॉमिटर हे त्याचेच भाऊबंद. या सगळ्यांत जोर मधल्या 'ऑ'वर पडतो आणि दोन शब्दांचा सांधा कानाला कळतच नाही.

लांबीचा मीटर आला १७९० च्या दशकात, फ्रान्समध्ये. त्याच्या दहा लाखाव्या भागाला आंतरराष्ट्रीय वजन-मापे समितीने १८७९ साली 'मायक्रॉन' हे नाव दिलं. १९६७-६८ च्या परिषदेत ते रद्द झालं आणि 'मायक्रो' अधिक 'मीटर' एवढंच अधिकृत राहिलं. इथे सेंटीमीटर, मिलिमीटरसारखे दोन्ही तुकडे सुटे ऐकू येतात. अर्थात नियम काही लोखंडी नाही: किलोमीटर हे एकक असूनही बरेच इंग्रजी भाषक 'किलॉमिटर' म्हणतात.

ब्रिटिश स्पेलिंगमध्ये उपकरण आणि एकक यांचा शेवट वेगळा लिहितात. अमेरिकन स्पेलिंग एकच, त्यामुळे तिथे भिस्त उच्चारावर आणि संदर्भावर.

आपली अडचण वेगळीच. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्षच देत नाही. नेहमीच्या स्क्रू गेजचा लीस्ट काउंट ०.०१ मिलिमीटर, म्हणजे मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट १० मायक्रोमीटर! असं वाक्य तोंडी परीक्षेत कुणी बोललं, तर गोंधळ होणारच. प्रयोगशाळांमध्ये रद्द झालेला 'मायक्रॉन' अजून सर्रास ऐकू येतो, त्यामागे ही सोयही असावी: छोटा शब्द, एकच अर्थ.

तेव्हा लिहिताना µm लिहा, बोलताना बिनधास्त मायक्रॉन म्हणा. आणि एखाद्या विद्यार्थ्याचा जोर चुकीच्या अक्षरावर पडला, तर हसू नका. स्क्रू गेजचं रीडिंग त्याला बरोबर घेता येतंय ना, ते आधी बघा.