बरणीतले वाडगे

जानेवारी १९९३ नंतर आम्ही मुंबईतली खोली सोडून मुंब्र्याला आलो. पलंग, कपाट मागेच राहिलं. पण अम्मीने तिच्या चिनी मातीच्या रिकाब्या सोडल्या नाहीत. तांदळाच्या पिंपात एकेक रिकाबी उभी लावायची, मध्ये तांदूळ ओतायचा, मग दुसरी. मी आडवी ठेवू लागलो तर ओरडली, "वरचं वजन सगळं तळाच्या रिकाबीवर जातं रे!"

हे तिला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. पण रीत फार जुनी आहे.

१९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ मच्छीमारांना समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं गलबत सापडलं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या. म्हणजे बांधणी अरबी पद्धतीची. माल मात्र चीनचा. सुमारे ६०,००० भांडी, त्यांत बहुतेक चांगशाचे साधे, रंगीत नक्षीचे वाडगे. एका वाडग्यावर जी चिनी तारीख आहे ती इसवी सन ८२६ मधली. बगदादमध्ये तेव्हा खलिफा मामूनची कारकीर्द चालू होती. गलबत त्याच बाजूला, इराणच्या आखाताकडे निघालं असावं, असं अभ्यासक मानतात.

एवढे वाडगे भरले कसे? मोठमोठ्या मातीच्या बरण्यांत, एकात एक बसवून, गोल फिरवत, शंखाच्या वळणासारखे. एकेका बरणीत शंभराहून जास्त. जागा वाचते आणि हलायला फट उरत नाही. गलबत बुडालं, साडेअकराशे वर्षांहून जास्त काळ खाऱ्या पाण्यात पडून राहिलं, तरी बरणीतले कितीतरी वाडगे जसेच्या तसे निघाले. आज ते सिंगापूरच्या संग्रहालयात आहेत.

आपल्याकडे मुसलमानांचा इतिहास म्हटला की खलिफा, सुलतान आणि लढाया. मामूनचं नाव मला शाळेपासून पाठ आहे. त्या बरण्या भरणाऱ्या हमालाचं नाव कुठेच नाही, आणि त्याचं काम मामूनच्या राजवाड्यापेक्षा जास्त टिकलं! (जाता जाता: अरबीत थाळीला 'सीनिया' म्हणतात, तो शब्द 'सीन' म्हणजे चीनवरूनच आलाय.)

मुंब्र्यात पुढचे कितीतरी दिवस आम्ही त्याच पिंपातला तांदूळ खाल्ला. अम्मी तो तीन-तीनदा धुवायची. अठरा रिकाब्यांपैकी एकच फुटली, तीही प्रवासात नाही. पिंपातून काढताना माझ्या हातून.