करार कायद्याचे पाठ्यपुस्तक : विद्यार्थ्यांची पसंती आणि सचिनची कसोटी

भारतीय करार कायदा १८७२ साली संमत झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून अमलात आला. विधी पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत तो आजही प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. त्यामुळे करार कायद्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे, हा नव्या विद्यार्थ्याने वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला विचारलेला बहुधा पहिलाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर परीक्षेचा विचार करून दिले जाते. पण हा कायदा रोजच्या देवघेवीचा आहे. एखादे पुस्तक किती उपयोगाचे, याची परीक्षा म्हणूनच बाजारातही व्हायला हवी. सुरतजवळील सचिन हे त्यासाठी अत्यंत योग्य ठिकाण आहे.

कायदा आणि त्यावरील पुस्तके

या कायद्याचा मूळ मसुदा लंडनमधील विधी आयोगाने तयार केला आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीत तो विधिमंडळात संमत झाला. मूळ कायद्यात २६६ कलमे होती. पुढे मालविक्रीचा भाग १९३० साली व भागीदारीचा भाग १९३२ साली वेगळा झाला. आज कलम २३८ पर्यंतचा कायदा उरला असून मधली काही कलमे रिकामी आहेत.

त्यावरील सर्वांत प्रसिद्ध भाष्यग्रंथ १९०५ साली निघाला. इंग्लंडमधील विधिपंडित सर फ्रेडरिक पोलॉक आणि मुंबईचे दिनशा फर्दुनजी मुल्ला हे त्याचे लेखक. ‘पोलॉक अँड मुल्ला’ या जोडनावानेच तो ओळखला जातो. त्याच्या अलीकडील आवृत्त्यांपैकी बाराव्या व तेराव्या आवृत्तीचे संपादन पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात अध्यापन केलेल्या नीलिमा भडभडे यांनी केले. वर्गात मात्र अधिक दिसते ते लखनौचे प्राध्यापक अवतार सिंग यांचे पुस्तक. आर. के. बांगिया यांच्या पुस्तकालाही मोठा वाचकवर्ग आहे.

विद्यार्थ्यांचे मत

विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून या पुस्तकांविषयी साधारण एकच चित्र उभे राहते. अवतार सिंग यांची भाषा ओघवती आहे, प्रत्येक नियमामागचा खटला गोष्टीसारखा समजतो आणि विषयाची भीती जाते, हे त्या पुस्तकाचे कौतुक. त्याच पुस्तकाबद्दलची तक्रार अशी, की निवाड्यांची गर्दी इतकी होते की मूळ कलम नजरेआड जाते. बांगिया यांचे पुस्तक परीक्षेच्या उत्तराला सोयीचे मानले जाते. ‘पोलॉक अँड मुल्ला’ ग्रंथालयात उघडून पाहावा, पण पहिल्या वर्षी विकत घेऊ नये, असा सल्ला मिळतो. तो वकिलाच्या टेबलावरचा ग्रंथ आहे आणि प्रत्येक कलमाखाली त्यात बारीक चर्चा आहे.

मातृभाषेच्या माध्यमातून शिकलेल्यांची अडचण निराळी असते. सुरतेत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. अशा शाळेतून आलेल्या मुलाला ‘कन्सिडरेशन’ या शब्दाचा रोजचा अर्थ विचार किंवा सहानुभूती असा ठाऊक असतो. करार कायद्यात त्याचा अर्थ मोबदला, कायद्याच्या मराठीत प्रतिफल. हा एक शब्द चुकीचा समजला की पुढची प्रकरणे धूसर होतात. ‘व्हॉइड’ म्हणजे मुळातच निरर्थक आणि ‘व्हॉइडेबल’ म्हणजे एका पक्षाच्या इच्छेने रद्द होऊ शकणारा करार, हा भेदही तसाच. इंग्रजी पुस्तक चांगले की वाईट, हे अनेकदा अशा दहा-बारा शब्दांवर ठरते.

हिरा आणि कापड

सचिन हे सुरतच्या दक्षिणेस, मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर आहे. येथील औद्योगिक वसाहतीत विणकामाचे आणि कापड रंगविण्या-छापण्याचे कारखाने आहेत, तर विशेष आर्थिक क्षेत्रात हिरे व दागिन्यांचा उद्योग चालतो. दोन्ही धंद्यांत एक व्यवहार सतत होतो. माल एकाचा, कसब दुसऱ्याचे. व्यापारी कोरे कापड रंगाईला देतो. हिरेवाला कच्चा हिरा पैलू पाडण्यास देतो.

करार कायद्याच्या कलम १७० खालची दोन उदाहरणे नेमकी याच दोन धंद्यांची आहेत. पहिल्यात एक जण जवाहिऱ्याकडे कच्चा हिरा पैलू पाडून घासण्यासाठी देतो. काम पूर्ण झाल्यावर मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेण्याचा हक्क जवाहिऱ्याला आहे. दुसऱ्यात शिंप्याकडे कोटासाठी कापड दिले जाते. कोट तयार होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन, असे शिंप्याने कबूल केलेले असते. त्याला कोट अडकवता येत नाही, कारण उधारी देण्याचे त्याने स्वतःच मान्य केले आहे. सुरतेच्या बाजाराला हे उदाहरण परके नाही. तेथे उधारीवरचे काम हाच रिवाज आहे.

आता खरा तंटा पाहू. रंगाई कारखान्याकडे एका व्यापाऱ्याचे शंभर तागे आले, रंगून तयार झाले. त्यांची मजुरी व्यापारी द्यायला तयार आहे, पण मागच्या तीन खेपांची थकबाकी बाकी आहे. कारखानदार म्हणतो, जुना हिशेब मिटल्याशिवाय माल सुटणार नाही. त्याला तसा हक्क आहे काय? कलम १७० चा धारणाधिकार, म्हणजे माल अडकवून ठेवण्याचा हक्क, त्या मालावर केलेल्या कामाच्या मजुरीपुरताच आहे. एकूण थकबाकीसाठी माल अडकवण्याचा हक्क कलम १७१ मध्ये आहे. तो बँका, आडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल एवढ्यांनाच दिलेला आहे. इतरांना तो हवा असेल तर तसा स्पष्ट करार आधी हवा. रंगाई कारखानदार या यादीत नाही. चलनावर किंवा करारपत्रात तशी अट मान्य झालेली नसेल, तर जुन्या बाकीसाठी त्याला दावा लावता येईल, आजचे तागे अडवता येणार नाहीत.

पाठ्यपुस्तकांत ही दोन कलमे शेजारी असतात, पण परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ एवढाच प्रश्न येतो. विद्यार्थी तक्ता पाठ करतो. एका छोट्या व्यापाऱ्याचा दिवाळीचा हंगाम या फरकावर अवलंबून असू शकतो, हे त्या तक्त्यात दिसत नाही.

हंगाम हुकल्याच्या नुकसानीचेही उत्तर कायद्यात आहे. कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे किंवा करार करतानाच दोन्ही पक्षांना ठाऊक असलेले नुकसान भरून मागता येते. त्यामागचा इंग्लंडमधील खटला १८५४ सालचा ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’. ग्लॉस्टरच्या गिरणीचा मोडलेला दांडा पोचवण्यात वाहतूकदाराने उशीर केला, पण तेवढ्यामुळे गिरणी बंद राहील ही विशेष परिस्थिती त्याला कळवलेली नव्हती. बुडालेला नफा गिरणीवाल्यांना मिळाला नाही. सचिनमधील व्यापाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की ‘दिवाळीपूर्वी माल हवा, नाहीतर मागणी रद्द होईल’ हे काम देतानाच लिहून कळवावे.

दूरध्वनीवरचा सौदा

लेखी कागद नसला तरी बहुतेक करार वैध असतात. कलम १० ला मुक्त संमती, करारक्षम पक्ष, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश पुरेसा आहे. लेखी नोंद सर्वसाधारणपणे पुराव्यासाठी लागते. दूरध्वनीवरच्या सौद्याचा सर्वाधिक शिकवला जाणारा भारतीय खटला गुजरात व विदर्भाला जोडणारा आहे. अहमदाबादच्या पेढीने दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीची मागणी केली आणि खामगावच्या गिरणीने ती मान्य केली. पुढे माल न मिळाल्याने अहमदाबादेत दावा झाला. करार कोठे झाला, हा वाद ‘भगवानदास केडिया’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. स्वीकृती जेथे ऐकू आली तेथे, म्हणजे अहमदाबादेत करार झाला, असा निकाल बहुमताने लागला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे होते. स्वीकृतीचे शब्द खामगावात उच्चारले गेले, म्हणून करार तेथेच पूर्ण झाला, असे त्यांनी म्हटले. हे भिन्नमत मुळातून वाचावे, ही शिफारस विद्यार्थ्याला अवश्य करावी. कलम ४ च्या शब्दांतून अर्थ कसा काढायचा, याचा तो उत्तम धडा आहे.

पुस्तकाबाहेरचे

१८७२ च्या कायद्यापुरते पुस्तक वाचून आजचा व्यवहार पुरता कळत नाही. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाने रंगाईचे काम केले असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. माल अडकवण्यापेक्षा हा मार्ग अनेकदा अधिक उपयोगी ठरतो.

गोव्यातील विद्यार्थ्याला आणखी एक पान स्वतः जोडावे लागते. करार कायदा गोवा, दमण व दीवला १९६३ च्या नियमनाने लागू झाला, पण विवाह आणि वारसा यांबाबत पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा राज्यात टिकून आहे. सामायिक मालमत्तेच्या पद्धतीत पती-पत्नीपैकी एकालाच स्थावर मालमत्ता विकता येत नाही, दोघांची संमती लागते. पाठ्यपुस्तकातील करारक्षमतेचे प्रकरण वय व शुद्ध मन यांपाशी थांबते. म्हापशातील घराचा सौदा तेवढ्यावर पुरा होत नाही.

वाचनाचा क्रम

विद्यार्थ्यांच्या पसंतीत तथ्य आहे. सुबोध पुस्तकाशिवाय विषयात शिरता येत नाही. मात्र प्रत्येक प्रकरणाआधी मूळ कायद्याची छोटी प्रत उघडून कलम आणि त्याखालची उदाहरणे वाचावीत, मग पाठ्यपुस्तक, आणि शंका उरली तर ‘पोलॉक अँड मुल्ला’ पाहावा. शेवटी आपल्या गावातला एक सौदा घ्यावा, मग तो रंगाईचा असो, मासळीचा असो वा घरभाड्याचा, आणि त्याला कोणते कलम लागते ते लिहून पाहावे. ज्या पुस्तकाच्या आधारे हे उत्तर लिहिता येते, ते पुस्तक त्या विद्यार्थ्यासाठी योग्य.