उलपान आणि परदेशी विद्यार्थी : जेरुसलेममधील हिब्रू अध्यापनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
युरोपीय विद्यापीठांत हिब्रूचे अध्यापन जुने आहे. केंब्रिज येथे आठव्या हेन्रीने १५४० साली हिब्रूचे अध्यासन स्थापन केले होते. मात्र तेथील अभ्यासाचा हेतू धर्मग्रंथांचे वाचन हा होता. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून प्रसिद्ध केलेले हिब्रू व्याकरण याच परंपरेतील होय. विसाव्या शतकात ग्रंथांची ही भाषा पुन्हा व्यवहाराची झाली आणि ती शिकण्याचे स्थळ व पद्धती दोन्ही बदलल्या. प्रस्तुत लेखात या बदलाचा व त्याच्या मर्यादांचा विचार केला आहे.

ज्ञानभाषेचा प्रश्न :
एलिझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले व त्यांनी घरात हिब्रू बोलण्याचा आग्रह धरला. परंतु विज्ञान या भाषेतून शिकवता येईल काय, हा प्रश्न शिल्लक होता. हैफा येथील नियोजित तंत्रशिक्षण संस्थेत जर्मन माध्यम असावे, या भूमिकेविरुद्ध १९१३ मध्ये शिक्षक व विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. अखेर हिब्रूचा पक्ष विजयी झाला. १ एप्रिल १९२५ रोजी माउंट स्कोपस या टेकडीवर हिब्रू विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्यामुळे हिब्रू हा केवळ अभ्यासविषय न राहता अध्यापनाचे माध्यम बनली.

उलपानचा उदय :
इस्रायलच्या स्थापनेनंतर १९४८ ते १९५१ या काळात सुमारे ७ लाख स्थलांतरित तेथे आले व लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांना समान भाषा नव्हती. या निकडीतून १९४९ मध्ये जेरुसलेम येथे ‘उलपान एत्झिऑन’ सुरू झाले. हिब्रू हिब्रूतूनच शिकवणे, हे उलपानचे मुख्य सूत्र होय. वर्गात भिन्नभाषक प्रौढ एकत्र असल्याने भाषांतराचा आधार घेणे शक्यही नव्हते. पुढे मराठीभाषक बेने इस्रायल स्थलांतरितांनाही दैनंदिन व्यवहाराची हिब्रू नव्याने आत्मसात करावी लागली.

परदेशी विद्यार्थी :
हिब्रू विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा अभ्यासक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. या विद्यार्थ्यांसाठीही उलपानचीच पद्धत स्वीकारली गेली. ‘आलेफ’ ते ‘वाव’ अशा सहा पायऱ्या ठरल्या. विद्यार्थ्यास स्वरचिन्हांविना वाचायला शिकावे लागते, कारण नित्याच्या मुद्रणात ती नसतात. त्याला आधार मिळतो तो धातूंचा. क-त-व या तीन व्यंजनांपासून ‘कातव’ (लिहिले), ‘मिख्ताव’ (पत्र) व ‘क्तोवेत’ (पत्ता) हे शब्द सिद्ध होतात. मराठीत रुळलेला ‘किताब’ हा शब्द अरबीतील सजातीय धातूचाच आहे. ‘तो लिहितो, ती लिहिते’ असा लिंगभेद हिब्रू क्रियारूपांतही असल्याने मराठीभाषकास तो परका वाटत नाही.

पद्धतीची मर्यादा :
उलपानची रचना स्थलांतरितासाठी झाली होती. त्याने त्या समाजाचा घटक व्हावे, हे तिचे उद्दिष्ट होते. परदेशी विद्यार्थी मात्र बहुधा परत जाणारा असतो. माउंट स्कोपसच्या पायथ्याशी असलेल्या इसाविया या वस्तीची भाषा अरबी आहे. १९२२ च्या आदेशपत्राने इंग्रजी, अरबी व हिब्रू या तिन्ही भाषांना अधिकृत स्थान दिले होते. २०१८ च्या कायद्याने हिब्रू ही राज्यभाषा ठरली, तर अरबीला केवळ विशेष दर्जा उरला. केवळ हिब्रू ऐकवणारा वर्ग भाषा वेगाने शिकवतो, परंतु शहराचा दुसरा आवाज विद्यार्थ्याच्या कानी पडू देत नाही.

निष्कर्ष :
हिब्रूचे पुनरुज्जीवन हे शिक्षक, वर्ग व सामाजिक निकड यांचे संयुक्त फलित आहे. उलपानचे यश त्या निकडीत आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. म्हणून हिब्रूच्या परदेशी अभ्यासकाने अरबीचाही परिचय करून घेणे इतिहासदृष्ट्या आवश्यक ठरते. एरवी जेरुसलेममध्ये राहूनही त्या शहराचे त्याचे आकलन एकांगी राहील.