पडद्यातल्या पाणवाटा

ऑगस्ट 1965 मध्ये जेमिनी-5 हे अमेरिकी यान इंधनघटांवर उडाले. अंतराळात इंधनघट वापरण्याची ती पहिलीच वेळ. जनरल इलेक्ट्रिकच्या त्या घटांत सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचा पातळ पडदा होता. हायड्रोजनमधून सुटलेले प्रोटॉन त्यातून पलीकडे जात. इलेक्ट्रॉनना मात्र बाहेरच्या तारेने वळसा घ्यावा लागे. तीच वीज.

तो पडदा फार टिकत नसे. त्याच दशकात ड्यूपाँटमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी टेफ्लॉनसारख्या कण्याला आम्लधर्मी फांद्या जोडल्या आणि नॅफिऑन घडवले. कणा पाणी झिडकारतो, फांद्या पाणी ओढून घेतात. त्यामुळे ओल्या पडद्यात पाण्याच्या अतिसूक्ष्म वाटा आपोआप तयार होतात. 1981 मध्ये गिर्के आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांवरून त्यांचे चित्र मांडले: सुमारे 4 नॅनोमीटरचे गोल कप्पे, त्यांना जोडणाऱ्या 1 नॅनोमीटरच्या नळ्या. नळ्या कोणी पाहिल्या नव्हत्या. त्या नसत्या तर आयन एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलेच नसते, एवढाच त्यांचा पुरावा.

न दिसणारी हालचाल गणिताने गाठण्याची रीत तोवर रुजली होती. तिचे मोठे श्रेय हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांचे, आणि आपल्याकडे हे नाव फार कमी घेतले जाते. 1964 मध्ये शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत त्यांनी द्रव आरगॉनचे 864 अणू संगणकावर चालवले. प्रत्येक अणूवर इतरांचे बल किती ते काढायचे, सगळ्यांना कणभर पुढे सरकवायचे, पुन्हा बल काढायचे. अणूंच्या या भटकंतीतून निघालेला विसरणाचा वेग प्रयोगातल्या आकड्याच्या जवळ आला. 1971 मध्ये स्टिलिंजर यांच्यासोबत त्यांनी पाण्याचे 216 रेणू असेच हलवले. पडद्यातल्या पाण्याची पुढची बहुतेक गणिते याच कुळातली.

प्रोटॉनने मात्र ही रीत अडवली. तो पाण्यातून नुसता वाहत नाही. एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी घेतो आणि जाताना बंध तोडतो, नवे जोडतो. ग्रोटहस यांनी 1806 मध्येच अशा साखळीची कल्पना मांडली होती. नेहमीच्या गणितात बंध आधीच ठरवून दिलेले, मग उडी दिसणार कशी? 1998 मध्ये श्मिट आणि व्होथ यांनी प्रोटॉनला एकाच वेळी अनेक रेणूंवर वाटून देणारे प्रारूप पाण्यासाठी मांडले; पुढे ते नॅफिऑनपर्यंत पोचले.

2008 मध्ये आयोवातल्या श्मिट-रोर आणि चेन यांनी पडद्याच्या निरनिराळ्या रचनांतून क्ष-किरण कसे विखुरतील ते संगणकावर काढले आणि मोजलेल्या आलेखांशी ताडून पाहिले. त्यांना सर्वांत जुळल्या त्या समांतर दंडगोल नळ्या, सरासरी 2.4 नॅनोमीटर व्यासाच्या. गिर्के यांचे गोल कप्पे त्यात बसत नव्हते. तरीही वाद मिटला नाही, कारण एकाच आलेखाशी एकाहून अधिक रचना जुळवता येतात.