रात्रीचा मुक्काम मोडणारी बस

1990 च्या दशकात आणि त्यानंतरही चीनच्या खेड्यापाड्यांतून लांब पल्ल्याच्या बसने जाणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं होतं. खड्डे, सिगारेटचा धूर, ओकारीच्या पिशव्या, आडरानात बंद पडलेलं इंजिन. देश गरीब, रस्ते वाईट, म्हणून प्रवास खडतर, असं याचं कारण सहज सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. हे हाल मुख्यतः एका धोरणातून आले: खेड्यातल्या माणसाने शहरात येऊन राबावं, पण शहराचा रहिवासी होऊ नये. 1958 च्या ‘हुकोउ’ कायद्याने प्रत्येक कुटुंबाची नोंद जन्मगावाशी बांधली. 1980 च्या दशकात शहराचा दरवाजा अर्धाच उघडला. सिच्वान, हूनान, क्वेइचौ, ग्वांग्शी या प्रांतांतली तरुण मुलंमुली ग्वांगतोंग प्रांतातल्या कारखान्यांत गेली; जमीन, म्हातारे आईबाप आणि बहुतेकदा लेकरंही गावातच राहिली. 2010 च्या जनगणनेत नोंदीच्या गावापासून दूर राहणारे 22 कोटींहून अधिक लोक आढळले. वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, हे सगळे एकाच वेळी घराकडे निघत, आणि रेल्वेला हा लोंढा पेलत नसे. तिकिटं मिळायची नाहीत, मिळालीच तर गाव स्टेशनपासून कोसो दूर. ग्वांगतोंगहून ग्वांग्शी-क्वेइचौकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 321 वर ऐन थंडीत बायको-मुलांना मागे बसवून मोटरसायकलींचे तांडेच्या तांडे निघत, यावरून गाड्यांची टंचाई कळते. 1983 पासून सरकारने प्रवासी वाहतूक खासगी गाडीवाल्यांना मोकळी केली होती. ही गरज त्यांनी ओळखली आणि कारखान्याच्या वस्तीतून थेट तालुक्याच्या गावी जाणारी बस सुरू झाली.

या धंद्याने घडवलेली वस्तू म्हणजे स्लीपर बस. आत लोखंडी बर्थच्या तीन रांगा, वरखाली दोन मजले, मधे एका माणसाने तिरकं होऊन सरकावं एवढ्या दोन वाटा. चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे. पाठ टेकायचा भाग थोडा उचललेला, आणि त्याच्याखालच्या पोकळीत मागच्याचे पाय; उंच माणसाला रात्रभर गुडघे दुमडूनच पडावं लागे. तरी ही सोयच होती, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. तीस तास बसून काढण्यापेक्षा आडवं होणं केव्हाही बरं. पण त्याआधी काय होतं तेही पाहायला हवं. युन्नानमध्ये खुन्मिंगहून जिंगहोंगकडे जाणारी बस पूर्वी वाटेतल्या गावांत रात्रीचा मुक्काम करत जायची. प्रवासी उतरत, गरम पाण्याने पाय शेकत, आणि मुख्य म्हणजे चालक झोपत असे. गाडीतच बर्थ आल्यावर मुक्कामाचं कारण उरलं नाही. दोन चालक आळीपाळीने गाडी हाकू लागले, मालकाच्या फेऱ्या वाढल्या, आणि कामगाराची मोजकी सुट्टी वाटेत कमी खर्ची पडू लागली. ही घाई कामगाराला का होती, याचं उत्तर पुन्हा त्याच अर्ध्या उघड्या दरवाजात आहे.

खराब रस्त्यांचा युक्तिवाद सगळ्यात जास्त तिथे कोसळतो जिथे रस्ता उत्तम होता. 22 जुलै 2011 ला हनान प्रांतात शिन्यांगजवळ द्रुतगती मार्गावर एक स्लीपर बस पेटली. ती शानतोंगमधल्या वेइहाइहून हूनानच्या छांगशाकडे निघाली होती. जागा 35, आत माणसं 47, आणि मालात बेकायदा भरलेलं ज्वालाग्राही रसायन. 41 जण गेले. 1 मार्च 2012 पासून नव्या स्लीपर बसची नोंदणी बंद झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने लांब पल्ल्याच्या गाड्या पहाटे 2 ते 5 थांबवण्याचं किंवा वाटेत ताजा चालक देण्याचं धोरण जाहीर केलं. म्हणजे बाजाराने मोडलेला मुक्काम कागदावर परत आला. पुढच्याच महिन्यात, 26 ऑगस्टला, येनआनजवळ अशीच एक बस पहाटे अडीचच्या सुमारास मिथेनॉलच्या टँकरवर मागून आदळली आणि 36 जण दगावले. तोही द्रुतगती मार्गच होता.

शेवटी प्रश्न सुटला तो वेगवान रेल्वेनेच, असं कोणी म्हणेल. क्वेइचौमधलं क्वेइयांग आणि ग्वांगतोंगमधलं ग्वांगचौ जोडणारा मार्ग 2014 च्या डिसेंबरात सुरू झाला आणि वीस तासांहून अधिक लागणारा प्रवास पाचेक तासांवर आला, हे खरंच मोठं काम आहे. मात्र त्याने वाटेचे हाल कमी केले, दरवर्षी जाण्याची गरज नव्हे. त्याच 2014 मधल्या सुधारणेने शेतकरी आणि बिगरशेतकरी अशी हुकोउतली विभागणी रद्द करायचं ठरवलं, पण 50 लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत नोंद मिळवण्यावरचं कडक नियंत्रण तसंच ठेवलं. आणि कामगारांना बोलावणारे कारखाने, बांधकामं आणि हॉटेलं मोठ्या संख्येने त्याच शहरांत होती.